गुंठ्याला सत्तावीस गॅलऱ्या

मोशीत राहतो असं सांगितलं की पुण्याच्या पेठांतली माणसं हमखास दोन प्रश्न विचारतात. टोलनाक्याच्या अलीकडे की पलीकडे, हा पहिला. मग आवाज जरा खाली आणून, ‘वास येतो का हो?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं वाऱ्यावर आहे. अख्ख्या पिंपरी-चिंचवडचा कचरा ज्या ८१ एकरांत येऊन पडतो तो डेपो आमचाच. १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांनी तिथल्या कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन केलं. सुमारे ३०० कोटी रुपयांचा प्रकल्प, वर्षाला अडीच लाख टन कचरा पोटात घेणारा. तेव्हापासून वासाची चौकशी करणाऱ्याला आम्ही ‘वास नाही, वीज येते’ असं ठणकावून सांगतो. ती आमच्या बिलात दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर अशा या मोशीत लोक गॅलरीत पुदिना लावतात. हौसेने लावतात, एवढंच नाही, इरेला पेटून लावतात. त्याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्या सोसायटीतल्या दारांवरच्या पाट्या वाचल्या तरी पुरे. कुणी लातूरकडचा, कुणी जळगावचा, कुणी वाशीमचा, कुणी माणदेशातला. चाकणला गाड्या जोडायच्या, भोसरीत सुटे भाग करायचे, आणि संध्याकाळी लिफ्टने वर जायचं. यातल्या निम्म्या लोकांचं नाव कुठल्या तरी सातबाऱ्यावर सामाईक क्षेत्रात, अकरा चुलतभावांच्या खाली बाराव्या क्रमांकाला लागलेलं आहे. सातबाऱ्यावर नाव आणि पायाखाली व्हिट्रिफाइड टाइल. अशा माणसाच्या हाताला चाळीस चौरस फुटांची गॅलरी लागली की तो तिथे झोपाळा टांगेल, ही अपेक्षा बिल्डरच्या ब्रोशरमधल्या चित्रकाराने करावी. आमच्याकडे तो पहिल्या पावसाआधी वाफा कुठे करायचा ते बघतो.

सहाव्या मजल्यावरचे लातूरचे काका या मंडळींचे अघोषित कृषी अधिकारी. चाकणच्या एका कंपनीच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झालेले. निवृत्त ते झाले, क्वालिटी झाली नाही. गॅलरीच्या दाराला आतून चेकशीट चिकटवलेली आहे: पाणी, ऊन, कीड, शेरा. टोमॅटो लाल झाला की ते तो हातात घेऊन देठापासून बुडापर्यंत फिरवतात आणि निकाल देतात. ‘हा पास. हा चटणीला. हा रिजेक्ट, पण बी धरायला ठेवा.’ काकूंनी एकदा पास झालेला टोमॅटो चटणीत घातला, तेव्हा घरात दोन तास लाइन बंद होती.

कुंडीच्या निवडीतही ते काटेकोर. मोशीत मातीची कुंडी विकत घेणारा माणूस एक तर नवीन असतो नाही तर श्रीमंत. बाकीच्यांकडे निळा ड्रम असतो, मधोमध कापलेला, खाली भोकं पाडलेला, कुदळवाडीच्या भंगार दुकानांतून केव्हातरी आणलेला. या औद्योगिक पट्ट्याने शेतीला दिलेली ही देणगीच म्हणायची. पण ड्रममध्ये आधी काय होतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ‘साहेब, धुऊन घेतलाय’ एवढ्यावर सौदा होतो. काकांचा नियम असा की लेबल खरवडून काढलेला ड्रम घ्यायचाच नाही. थिनर, कूलंट, गंजरोधक, काहीही असू शकतं, आणि प्लास्टिक ते सहजासहजी सोडत नाही. लेबल शाबूत असेल, त्यावर खाण्याच्या पदार्थाचं नाव असेल, आणि नाक आत घातल्यावर शिंक आली नाही, तरच पास. मला हा नियम पटतो. विषमुक्त भाजी खायची म्हणून केमिकलच्या पिंपात मेथी पेरण्यात काय हशील आहे?

ड्रमनंतर माती. इथे मात्र आम्हा सगळ्यांची फजिती होते, आणि ती करणारी व्यक्ती मोशीगावातच राहते. नागेश्वराच्या देवळाकडे जाताना एका बंगल्याच्या मागे जेमतेम तुकडाभर जागेत एक आजी अजून मेथी, शेपू, वांगी करतात. बाजूला लिंबू आणि एक दांडगा शेवगा. एकदा नर्सरीतून लाल मातीच्या पिशव्या टेम्पोतून उतरवताना त्यांनी आम्हाला पाहिलं.

‘काय आनलं म्हनायचं?’

‘माती आहे आजी.’

‘इकत?’

हो म्हटल्यावर त्या हसल्या नाहीत. पदर तोंडाला लावून सुनेला हाक मारली, आणि मग दोघी मिळून हसल्या. त्यांचं बरोबरच होतं. आमच्या इमारतीच्या जागी त्यांच्याच भावकीची जमीन होती. ज्वारी व्हायची, कांदा व्हायचा. कांद्याला चाकणचा बाजार जवळ. इंद्रायणीच्या कडेची ती काळी माती पाया खोदताना डंपर भरभरून गेली, कुठे गेली ते डंपरवाल्यालाच माहीत, आणि त्याच जागी सहाव्या मजल्यावर आम्ही पिशवीतली तांबडी माती, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि शेणखत समप्रमाणात कालवत बसलो आहोत. मोशी १९९७ साली महापालिकेत आली. त्याआधी गाव एकरात बोलायचं. मग गुंठ्यात बोलू लागलं. आता चौरस फुटात बोलतं. या तीन बोलींच्या मधल्या काळात गुंठामंत्री नावाचं पद निर्माण होऊन गेलं, त्यावर लिहायला वेगळा लेख लागेल आणि वेगळं धाडस लागेल.

आजींना बाकी आमच्याविषयी आकस नाही. रस्त्यात भेटल्या की पेरणीची चौकशी करतात. धने पेरताना आधी चपलेने रगडून दोन फाकी करायच्या, हे ज्ञान आम्हाला त्यांच्याकडून मिळालं. धन्याच्या एका गोल दाण्यात दोन बिया असतात. अख्खा टाकला तर रुजायला वेळ खातो. सोसायटीतल्या उच्चशिक्षित मंडळींना चपलेची कल्पना रुचली नाही, म्हणून ते लाटण्याने रगडतात. कोथिंबीर दोन्ही पद्धतींनी सारखीच येते. उन्हाळ्यात दोन्ही पद्धतींनी सारखीच फुलावर जाते आणि संपते.

पाण्याचं सांगतो. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी आहे. उन्हाळ्यात टँकर. त्यामुळे झाडाला नळाचं पाणी घालणाऱ्याकडे लोक भर रस्त्यात नोटा उडवणाऱ्याकडे बघतात त्या नजरेने बघतात. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी एका बादलीत जमा होतं. फर्स्ट शिफ्टवाला पहाटे कंपनीची बस पकडायच्या आधी ते घालतो, थर्ड शिफ्टवाला सकाळी परतल्यावर झोपायच्या आधी घालतो, सेकंड शिफ्टवाला मध्यरात्री घालतो. इमारतीतून थेंब टपकण्याचं काम अशा रीतीने तीन पाळ्यांत अखंड चालू राहतं, आणि खालच्या मजल्यावरचे लोक पांढरे कपडे वाळत घालणं सोडून देतात.

मग सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्राचं पाणी आलं. एसटीपीचं पाणी म्हणतात त्याला. बागेला चालतं, फ्लशला चालतं. फुलझाडांना सगळ्यांनी बिनतक्रार घातलं. प्रश्न तुळशीपाशी अडला. तुळशीला एसटीपीचं पाणी चालतं का? यावर सोसायटीत जे मंथन झालं ते काशीच्या पंडितांच्या तोडीचं होतं. एक पक्ष म्हणाला, शुद्ध झालं की शुद्धच. दुसरा म्हणाला, मूळ काय ते बघा. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एक काकू, ज्या दर एकादशीला आळंदीला चालत जातात, शांतपणे म्हणाल्या, ‘इंद्रायणीत काय येऊन मिळतंय ते बघितलंय का? फेस येतो पात्रात. तिथलं तीर्थ घेतो की आपण.’ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली नदी देहू, मोशी, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळेपर्यंत किती नाल्यांचं ऐकून घेते, हे त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांना समजलं. चर्चा संपली. तुळशीला त्या दिवसापासून डाळ धुतलेलं पाणी घालतात.

खरी लढाई खताची. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना सांगितलं की ओला कचरा शक्यतो आपल्या आवारातच जिरवा. डेपोच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला यातली गंमत लवकर कळते. बाकी शहराचा कचरा निघून जातो. ‘गेला’ म्हणजे कुठे गेला हा प्रश्न त्यांना पडत नाही. आमचा कचरा गाडीत बसून निघतो आणि वळण घेऊन जवळपास आमच्याच खिडकीसमोर उतरतो. त्यामुळे भाजीची देठं कुंडीत जिरवणं हा आमच्याकडे पर्यावरणाचा नाही, शेजारधर्माचा भाग आहे.

क्लब हाउसच्या मागे खताचे हौद झाले. पहिले काही आठवडे तिथून जो दर्प आला त्याने डेपोलाही मागे टाकलं. कारण साधं होतं. लोक ओला कचरा टाकत होते, नुसता ओला. शिळा भात, कलिंगडाची सालं, चहाचा चोथा. त्यात हवा खेळायला जागा नाही, म्हणून ते कुजत होतं, खत होत नव्हतं. जाणकार सांगतात की पंचवीस-तीस भाग कर्ब आणि एक भाग नत्र असं प्रमाण जमलं की वास येत नाही. आमच्या काकांनी याचं मराठीत भाषांतर केलं: ‘बगा, एक बादली साल तर दीड-दोन बादल्या वाळला पाला. पाला नाही तर खत नाही. शिफ्ट संपली.’

आणि पाला दुर्मीळ झाला. कालपर्यंत झाडलोट करणारे मामा जो कोपऱ्यात ढीग करून पेटवत होते, त्याला एका रात्रीत भाव आला. सोसायटीतल्या बदामाच्या झाडाखाली सकाळी सहाला माणसं पोती घेऊन उभी राहू लागली. बदाम झाडतो तेव्हा ताटाएवढी पानं टाकतो, आणि ते झाड ए आणि बी विंगच्या बरोबर मधे आहे. बी विंगचा पाला ए विंगने नेला, अशी तक्रार ग्रुपवर आली. पुरावा म्हणून पोत्याचा फोटो होता. झाड कुणाच्याही हद्दीत असलं तरी पान वाऱ्याने ज्याच्या हद्दीत पडेल त्याचं, असा निवाडा अध्यक्षांनी दिला, त्यावर बी विंगने वारा नेहमी पश्चिमेकडून येतो याकडे लक्ष वेधलं. ते खरंच आहे. पावसाळ्याच्या आधी तर फारच.

पाला मिळू लागला तसा वास गेला आणि काळपट, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या आल्या. हौद बघायला गेलेल्या एका तरुण सभासदाने त्याच पावली राजीनामा दिला. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या त्या. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट ओला कचरा झपाट्याने फस्त करतात. गांडुळं सज्जन म्हणून प्रसिद्ध पावली. पुण्याच्या डॉ. उदय भवाळकरांसारख्यांनी गांडुळांची महती घरोघरी पोचवली. या अळ्यांना अजून कुणी भवाळकर भेटलेला नाही. दिसायला वाईट आणि कामाला वाघ अशी माणसं प्रत्येक कंपनीच्या शॉप फ्लोअरवर असतात, पोस्टरवर कधीच नसतात.

खतानंतर जीवामृताची लाट आली. पद्मश्री सुभाष पाळेकरांची ही कृती शेतकऱ्यांना पाठ असते: एकराला २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. चौथ्या मजल्यावर टूलरूममध्ये काम करणारा एक मुलगा आहे, मायक्रॉनच्या खाली बोलतच नाही. त्याने कागद घेतला. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. गॅलरी चाळीस. भागिले १०८९. म्हणजे गॅलरीला पाणी १८४ मिलिलिटर, शेण ९ ग्रॅम, गूळ आणि बेसन प्रत्येकी २ ग्रॅमला किंचित कमी. ‘गोमूत्र ड्रॉपरने घालू,’ तो गंभीरपणे म्हणाला. एवढ्यासाठी आळंदी रस्त्यावरच्या एका गोठ्यात तो नऊ ग्रॅम शेण मागायला गेला. गोठेवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं आणि एक पाटी भरून दिली. अडचण शेवटच्या ओळीपाशी आली. बांधावरची मूठभर माती. आमच्या बिगरशेती मोशीत बांध कुठे? पुष्कळ विचाराअंती असं ठरलं की सोसायटीचा बांध म्हणजे कंपाउंड वॉल. तिच्या कडेला जी गवताची पट्टी आहे तिथली माती घेतली. पाळेकरांचा हेतू तिथल्या न नांगरलेल्या मातीतले जीवाणू मिळावेत असा होता, आणि खरं सांगायचं तर त्या पट्टीला बिल्डर गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता.

हे सगळं करून पिकतं काय? उत्तर गॅलरीच्या दिशेवर आहे. पश्चिमेच्या उन्हात मिरची, वांगं, टोमॅटो. उत्तरेच्या सावलीत पुदिना, अळू, विड्याचा वेल. बिल्डरने फ्लॅटची दिशा वास्तू बघून ठरवली, टोमॅटोला विचारलं नाही. मेथीच्या ड्रममध्ये कबुतर अंडी घालतं आणि मग पिल्लं उडून जाईपर्यंत त्या घरात मेथी बंद असते. पण गवती चहा, पानओवा, कोरफड, कढीपत्ता ही मंडळी मात्र कुठेही, कशीही, कुणाकडेही येतात, आणि माझ्या मते सोसायटीतली खरी देवाणघेवाण यांच्यावर चालते. पहिल्या पावसात कुणाच्या घरी शिंक ऐकू आली की दाराच्या मुठीला गवती चहाची जुडी अडकवलेली सापडते. कोणी ठेवली ते विचारायची पद्धत नाही. बाजारात या गोष्टींना फारशी किंमत नाही आणि म्हणूनच त्या मोकळेपणाने दिल्या जातात. टोमॅटो कुणी असा अडकवून गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

कढीपत्त्याने मात्र एकदा सोसायटी दुभंगली होती. पानावर पांढरट-काळा ठिपका दिसला. चिमणीची शीट असेल असं वाटून माणूस पुढे जातो, आणि नेमका तोच त्या अळीचा डाव असतो. लहानपणी शिटेचं सोंग घेऊन ती वाढते. मग एके सकाळी कात टाकून हिरवीगार, करंगळीएवढी जाड होऊन बसते, आणि पान कडेने कुरतडत मधल्या शिरेपर्यंत येते. कान जवळ नेला तर चावण्याचा आवाज येतो असं मुलं सांगतात. मी नेला नाही. काडीने डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र, सडक्या लिंबासारखा भपकारा सोडते. ते पाहिल्यावर पाचवीतल्या एका मुलीने तिचं नाव ‘हॉर्न ओके’ ठेवलं. लिंबावरचं पिवळं-काळं फुलपाखरू होतं ते, बालवयातलं. दोन दिवसांत रोपाला नुसत्या काड्या उरल्या.

सोसायटीत कढीपत्तावाले आणि फुलपाखरूवाले असे दोन पक्ष पडले. पहिले निंबोळी अर्काची बाटली घेऊन उभे. दुसरे बहुतेक बारा वर्षांखालचे. काका या वेळी अनपेक्षितपणे मुलांच्या बाजूने गेले. ‘हे राज्य फुलपाखरू आहे. मारता येत नाही,’ त्यांनी ठोकून दिलं. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू जाहीर केलं हे खरं, पण ते ब्लू मॉर्मन, म्हणजे आपली राणी पाकोळी. तिच्याही अळ्या लिंबाच्या कुळातली झाडं खातात, पण ही ती नव्हे. काकांना हे माहीत होतं की नाही कोण जाणे. क्वालिटीतला माणूस असा पहिल्यांदाच बिनलेबलाचा माल पास करताना दिसला.

तोडगा निघाला. लिंबावरचं हे फुलपाखरू बेलावरही वाढतं, आणि सोसायटीच्या छोट्या देवळाशेजारी बेलाचं झाड आहे. मुलांनी अळ्या फांदीसकट अलगद उचलल्या आणि रांगेने तिकडे नेऊन सोडल्या. आठवडाभर शांतता होती. मग श्रावणातला सोमवार आला, आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या लक्षात आलं की महादेवाला वाहायला तिन्ही दळं शाबूत असलेलं एकही पान झाडावर उरलेलं नाही. मुलांनी बचावात सांगितलं, ‘आजोबा, ती फांदीला कमरेला दोरी बांधून झोपलीय. आता खात नाहीये.’ आजोबा बघायला गेले. खरंच, रेशमाच्या एका धाग्याने स्वतःला फांदीला बांधून कोष टेकून बसला होता. त्या सोमवारी महादेवाने बाजारातला बेल चालवून घेतला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना काकांच्या हाती श्री. अ. दाभोळकर लागले. दाभोळकर हे कोल्हापूरकडचे गणिताचे प्राध्यापक, ‘प्रयोग परिवारा’चे जनक. शेतकऱ्यांनी आपल्याच शेतात प्रयोग करावेत, एकमेकांना कळवावेत, एवढ्या साध्या सूत्रावर त्यांनी द्राक्षबागायतदारांपासून शहरातल्या गच्चीवाल्यांपर्यंत कितीतरी लोकांना कामाला लावलं. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक. पान म्हणजे ऊन साठवायची जागा, तेव्हा मोजायचं ते ऊन, असा त्यांचा हिशेब. आणि त्यातून त्यांनी मांडलं की नीट केली तर दहा गुंठे जमीन पाच माणसांच्या कुटुंबाला पुरते.

दहा गुंठे! काकांनी रात्रभर आकडेमोड केली आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘अन्य विषय’ या सदरात उभे राहिले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजे एका गुंठ्याला सत्तावीस गॅलऱ्या आणि वर चार कुंड्या. दहा गुंठ्यांना २७२ गॅलऱ्या. आपल्या सोसायटीत २८० फ्लॅट आहेत. सबब, सर्व सभासदांनी आपापल्या गॅलरीचा इंच अन् इंच लागवडीखाली आणला, कपडे वाळत घालणं बंद केलं आणि वॉशिंग मशीन घरात घेतलं, तर या संपूर्ण सोसायटीत मिळून एका कुटुंबाचं पोट भरेल.

सभागृह स्तब्ध झालं. मग मागून कुणीतरी विचारलं, ‘कोणत्या कुटुंबाचं?’

म्हाडासारखी सोडत काढा, अशी सूचना आली. मेंटेनन्स थकवणाऱ्यांना वगळा, अशी दुसरी. ज्यांच्या गॅलरीत ऊनच येत नाही त्यांचं काय, हा उत्तरेकडच्या लोकांचा जुना प्रश्न होताच. उरलेल्या आठ गॅलऱ्या राखीव ठेवाव्यात, असं टूलरूमच्या मुलाने सुचवलं. खजिनदारांनी पाणीपट्टीची आठवण करून दिली. मला त्या सगळ्या गदारोळात काकांचा हिशेबच मोलाचा वाटला. सेंद्रिय भाजीच्या नावाखाली काहीही विकलं जाण्याच्या काळात, गॅलरीतून माणूस जगत नाही हे पायरीपायरीने सिद्ध करणारा आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत पाणी घालणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काकांनी मग गच्ची मागितली. गच्चीवर सोलर हीटर आहेत आणि वॉटरप्रूफिंगची हमी आहे, म्हणून ती नाकारण्यात आली. शेवटी तडजोड म्हणून कंपाउंड वॉलच्या कडेची पट्टी त्यांना मिळाली, म्हणजे बांध. तिथे काय लावायचं हे विचारायला काका आजींकडे गेले. आजी कोयता घेऊन शेवग्याकडे गेल्या आणि हाताएवढी जाड फांदी तोडून त्यांच्या हातात दिली. ‘हीच खोचा. पान्याची लई काळजी करू नगा. घराला चिकटून नगा लावू, वाऱ्यात फांदी मोडती. आन ते पावडरचं खरं हाय का वं? नातसून म्हनत हुती, शेवग्याच्या पाल्याची पावडर मेडिकलात इकत्यात?’

काका हो म्हणाले. आजींनी परत सुनेला हाक मारली.

फांदी बांधावर खोचली आहे आणि तिला फुटवे आले आहेत. शेवगा अजून कमरेएवढाच आहे. शेंगांच्या वाटपाची यादी मात्र काकांनी तयार करून नोटीस बोर्डावर लावली आहे, विंगवार, फ्लॅट क्रमांकानुसार, प्रत्येक फेरीत घरटी दोन. सुरुवात ए विंगपासूनच का, यावर बी विंगची लेखी हरकत आलेली आहे.